अकीकाच्या टोकाचा बाण

ठाणे-बेलापूर पट्ट्यातला काळा पाषाण बाणाच्या लहान टोकाला फारसा उपयोगी नाही. त्याच्या पोकळ्यांत अकीक किंवा कॅल्सेडोनी (अकीकाच्याच जातीचा कठीण दगड) भरलेली असते, ती घ्या. टिचकावल्यावर गोटा खणखणीत वाजावा. भद्द वाजला तर आत तडा आहे. येऊरच्या जंगलातून मात्र काही उचलू नका, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे.

गोल गोट्याने कडेवर ठोका देऊन ४ सेंमी लांब, ५-६ मिमी जाड ढलपी काढा. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क, काम उघड्यावर: ही धूळ फुप्फुसं कायमची खराब करते.

आता खरं काम. तळहातावर जाड चामडं, त्यावर ढलपी. लाकडी मुठीत बसवलेल्या जाड तांब्याच्या तारेचं टोक कडेवर टेकवा, आधी आत दाबा आणि मग खाली. खालच्या बाजूने नखाएवढा पातळ पापुद्रा सुटतो. पण प्रत्येक फेरीआधी कड खरबरीत दगडावर घासलीच पाहिजे. धारदार कड दाब पेलत नाही, चुरा होतो. बहुतेक टोकं इथेच वाया जातात. पापुद्रा अर्ध्यावर तुटून पायरी राहिली, तर आतला दाब कमी पडला असं समजा. बुडाच्या दोन खाचा शेवटी पाडा आणि बुडाची कड घासून बोथट करा, नाहीतर तीच दोरा कापते.

काठीसाठी बुरुडाकडून वाळलेली बांबूची कामटी आणा. तासून ९ मिमी गोल, ७५ सेंमी लांब करा. वाकडी असेल तर निखाऱ्यावर शेकून, गरम असतानाच सरळ करा आणि थंड होईतो तशीच धरून ठेवा. बांबू उभा चिरतो, म्हणून पुढची १५ मिमीची फट आणि मागची ८ मिमीची दोरीची खाच कापण्याआधीच त्यांच्या आतल्या बाजूला दोरा आवळून गुंडाळा.

चिकटवायला ४ भाग राळ, १ भाग मेण, १ भाग कोळशाची पूड मंद आचेवर वितळवा. राळ पेट घेते, झाकण हाताशी ठेवा. मेण कमी पडलं तर हे मिश्रण काचेसारखं तडकतं. जनावराच्या कातड्याचा सरस इथे नको, आपल्या पावसाळी हवेत तो मऊ पडतो. टोक फटीत बसवून अंबाडीचा मेण लावलेला दोरा खाचांतून फुलीसारखा ओढा, वर पुन्हा राळ.

पिसं कोंबडीची किंवा बदकाची, तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची, १० सेंमी लांब. दोन पंखांची मिसळली तर बाण डगमगतो. एक पीस दोरीच्या खाचेला काटकोनात बसवा, उरलेली दोन समान अंतरावर.

सराव गवताच्या पेंढीवरच करा. लाकडावर आपटलं की टोक तुटतं, आणि वन्यप्राण्याची शिकार १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे. टोक तुटलंच तर राळ शेकून सैल करा. काठी पुन्हा वापरता येते.