गिफ्टेड प्रोग्राम दुसऱ्या मिडल स्कूलला हलवायचं चाललंय? मग आधी हे विचारा

व्हर्जिनियात फेअरफॅक्स काउंटीत राहणाऱ्या आपल्या मराठी आईबाबांसाठी लिहितेय. शाळेत गर्दी झाली की एएपी (इथला गिफ्टेड प्रोग्राम) सेंटरची, म्हणजे त्यातल्या सगळ्यात वरच्या लेव्हल ४ ची मुलं दुसऱ्या मिडल स्कूलला पाठवायचा विषय निघतोच, कारण यातली बरीच मुलं दुसऱ्या शाळांच्या हद्दीतून बसने येतात आणि कागदावर त्यांनाच हलवणं सोपं दिसतं.

पहिलं काम, आकडे बघा. दरवर्षी कॅपिटल इम्प्रूव्हमेंट प्रोग्राम, म्हणजे शाळांच्या इमारतींचा आराखडा निघतो, त्यात प्रत्येक शाळेची कपॅसिटी, आत्ताची मुलं आणि पुढचा अंदाज असतो. जिथून काढणार आणि जिथे पाठवणार त्या दोन्ही शाळा बघा, नाहीतर इथली गर्दी कमी होऊन तिथे ट्रेलरमध्ये वर्ग भरायचे. सेंटरची मुलं किती, बेस स्कूलची, म्हणजे त्याच शाळेच्या हद्दीतली किती हे वेगळं मिळत नसेल तर एफओआयए या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली मागा, ५ वर्किंग डेजमध्ये उत्तर द्यावं लागतं, फारतर थोडी मुदत वाढवून घेतात.

आता खरा मुद्दा. इथे बहुतेक मिडल स्कूल सातवी-आठवीचंच, सगळी मिळून दोन वर्षं, त्यात मधेच शाळा बदलली तर मुलाला रुळायलाच वेळ मिळत नाही. म्हणून फेज-इन, म्हणजे टप्प्याटप्प्याने बदल मागा, आठवीत जाणाऱ्यांना आहे तिथेच राहू द्या म्हणावं, आणि लगेच पुढचं विचारा की बस देणार का? बस नसेल तर ती सवलत फक्त ज्यांच्या आईबाबांना सकाळी गाडीने सोडता येतं त्यांनाच, बाकीच्यांना काय उपयोग!

मग मॅथ्स. आठवीत जॉमेट्री घेणाऱ्यांना हायस्कूलचं क्रेडिट मिळतं, तर नव्या शाळेत त्याचे सेक्शन किती, शिकवणार कोण, आत्ताचे टीचर बरोबर येणार की तिथे नवीन शोधणार, हे प्रिन्सिपलना सरळ विचारा. बिल्डिंग कुठली यापेक्षा मला हे शंभरपट महत्त्वाचं वाटतं.

टीजे, म्हणजे थॉमस जेफरसन हे निवडून प्रवेश देणारं सायन्स-टेक्नॉलॉजीचं हायस्कूल, त्याबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर सगळे बोलतात, मीटिंगमध्ये कोणीच नाही. २०२० च्या शेवटी ठरलेल्या प्रवेशाच्या पद्धतीत प्रत्येक पब्लिक मिडल स्कूलला आठवीच्या १.५ टक्के मुलांइतक्या जागा आहेत, उरलेल्या जागांसाठी सगळ्यांची मिळून स्पर्धा. म्हणजे सेंटरची बरीच मुलं एकदम हलली की दोन्हीकडची चुरस बदलते, आणि नव्या शाळेत आधीपासून असलेल्या मुलांनाही त्याचा फटका बसू शकतो. उघडपणे बोला, पण फक्त आपल्या मुलाच्या सीटसाठी भांडू नका प्लीज.

स्कूल बोर्डात १२ मेंबर आहेत, ९ डिस्ट्रिक्टचे आणि ३ अ‍ॅट-लार्ज, म्हणजे सगळ्या काउंटीतून निवडलेले. आपल्या डिस्ट्रिक्टच्या मेंबरला आणि तिघा अ‍ॅट-लार्जना ईमेल करा, एका ईमेलमध्ये एकच मागणी, ग्रुपवरचा मजकूर कॉपी-पेस्ट नको, स्वतःच्या शब्दांत दोन परिच्छेद पुरे. एएपीची सल्लागार समिती आहे, तिथेही जा. आणि "ती शाळा चांगली नाही" हे वाक्य चुकूनही नको, त्या शाळेतल्या मुलांचे आईबाबा त्याच हॉलमध्ये बसलेले असतात, त्यांच्याही वर्गात गर्दी आहे, त्यांच्याशी आधीच बोलून एकत्र मागणी केली तर कितीतरी जास्त वजन पडतं.

शेवटी फेज-इन आणि बस दोन्ही तोंडी कबूल केलं तरी थांबू नका, मतदान होतं त्या ठरावात ते लिहून आलंय का ते मतदानाआधी वाचून बघा.