फ्रीलान्स भाषांतर करताय? मग कॉम्प्युटरसमोरच्या तासांबाबत या चुका टाळा

भाषांतरकाराला विचारा, दिवसातून किती तास कॉम्प्युटरसमोर असता, तर दहा, बारा, कधीकधी चौदा असं उत्तर येतं आणि ते सांगताना आवाजात थोडा अभिमानही असतो. अहो पण आपल्याला बसल्याचे पैसे मिळत नाहीत, शब्दांचे मिळतात. बारा तास बसून अठराशे शब्द होत असतील तर दिवस मोठा झालाय, काम नाही. बहुतेक गडबडी इथूनच सुरू होतात.

तास गुणिले शब्द

एजन्सी विचारते, रोज किती शब्द देऊ शकाल? आपण लगेच हिशोब मांडतो, तासाला तीनशे, आठ तास म्हणजे चोवीसशे, चला ठोका हो. कागदावर ठीकच आहे, दिवसाला दोन ते अडीच हजार शब्द हा एजन्सींच्या तोंडी असलेला नेहमीचा आकडा आहे. पण त्या आठ तासांत मेलची उत्तरं असतात, फाइल उघडत नाही म्हणून प्रोजेक्ट मॅनेजरच्या मागे लागणं असतं, ग्लॉसरी (क्लायंटची शब्दयादी) धुंडाळणं असतं, पीओ म्हणजे कामाची लेखी ऑर्डर आली का बघायचं, इनव्हॉइस टाकायचं, शेवटी क्यूए म्हणजे टूलने चुका तपासणं, हे सगळं कोण मोजणार? माझ्या मते नवीन मजकूर ताज्या डोक्याने लिहायला चार, फार तर पाच तास मिळतात, त्यापुढे हात चालतात पण डोकं थांबलेलं असतं.

यावर उपाय म्हणजे पंधरा दिवस टगलसारखं वेळ मोजायचं अ‍ॅप किंवा मोबाईलचा साधा टायमर लावा, पण तो फक्त सेगमेंट, म्हणजे भाषांतराच्या सॉफ्टवेअरमधला एकेक वाक्याचा तुकडा, भरताना चालू ठेवायचा, मेल उघडला की बंद. जो आकडा येईल त्यावरून डेडलाइन कबूल करा. आकडा बघून आधी जरा वाईट वाटतं, वाटू द्या.

पोर्टलवर पहारा

ज्या एजन्सी एकच काम दहा जणांना पाठवतात आणि जो आधी क्लिक करेल त्याला देतात, त्यांच्यामुळे कित्येक लोक दिवसभर रिफ्रेश दाबत बसलेले असतात. हाही कॉम्प्युटर टाइमच, फक्त फुकटचा. त्या पत्त्यावरून येणाऱ्या मेलला फोनवर वेगळी रिंगटोन लावून ठेवा आणि उठा. तरी काम हातातून जातच असेल तर तो क्लायंट तुमच्या वेळेला मान देणारा नाही, एवढं धरून चाला.

ईओडी म्हणजे कुणाचा दिवस?

क्लायंट फाइल ईओडी, म्हणजे दिवस संपेपर्यंत, मागतो आणि हे न विचारता हो म्हणणारे खूप आहेत. न्यूयॉर्कचे संध्याकाळचे पाच म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन. बर्लिनचे सहा म्हणजे उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. वर आणखी गंमत अशी की अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधल्या दोन-तीन आठवड्यांत दोन्हीकडच्या क्लायंटचा नेहमीचा हिशोब चुकतो. मेलमध्ये सरळ लिहा की फाइल भारतीय वेळेनुसार रात्री नऊला मिळेल. तिकडच्या माणसाला ती सकाळी टेबलावर हवी असते, तुम्ही जागरण केलं की नाही याच्याशी त्याला काही घेणं नसतं.

डोळे चुरचुरतायत, डोकं दुखतंय

आधी फॅन बघा. खरंच. टेबल फॅन किंवा एसीची हवा थेट तोंडावर येत असेल तर डोळे सुकतात, आणि स्क्रीनकडे बघताना आपण पापण्याही कमी मिटतो. मग दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघायचं, हा नियम सगळ्यांना पाठ आहे पण कुणी पाळत नाही, कारण खोलीतलं वीस फुटांवर काही नसतंच. टेबल खिडकीला काटकोनात ठेवा, समोरच्या बिल्डिंगची टाकी दिसली तरी काम होतं. निळ्या प्रकाशाच्या चष्म्यावर पैसे घालण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा, अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची संघटनासुद्धा कॉम्प्युटरसाठी तो घ्यायची शिफारस करत नाही.

पण मराठीत काम करणाऱ्यांचा खरा शत्रू आहे फॉन्टचा आकार. कॅट टूल्समध्ये, म्हणजे भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये, सेगमेंटचा फॉन्ट इंग्रजीच्या मापाने लावलेला असतो. त्या मापात इंग्रजी आरामात वाचता येतं, पण देवनागरीला वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरं, सगळं त्याच उंचीत कोंबलं जातं. मग आपण मान पुढे काढून वाचतो, संध्याकाळपर्यंत मान आणि डोळे दोन्ही कामातून जातात, आणि तरीही चूक सुटते ती सुटतेच. त्यातल्या त्यात १ आणि ९. बारीक मंगल फॉन्टमध्ये संध्याकाळी सहानंतर हे दोन आकडे वेगळे ओळखून दाखवा! औषधाच्या पत्रकात १ गोळीच्या जागी ९ गेलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. क्यूए पकडेल या भरवशावरही राहू नका, कारण मूळ मजकुरात १ इंग्रजीत असतो आणि आपला देवनागरीत, त्यामुळे बऱ्याचदा टूल प्रत्येकच आकड्याला चूक म्हणतं आणि ती लांबलचक यादी वैतागून आपण न वाचताच बंद करतो.

ट्रेडॉस या कॅट टूलमध्ये ऑप्शन्समधल्या एडिटरखाली फॉन्ट अ‍ॅडॅप्टेशन असतं, तिथे मराठीचा फॉन्ट मोठा करा, निर्मला यूआय हा फॉन्ट बरा दिसतो. बाकी टूल्समध्येही एडिटरचा फॉन्ट बदलायची सोय कुठेतरी सापडते. ब्राउझरमधल्या टूलला कंट्रोल आणि प्लस दाबून सव्वाशे-दीडशे टक्के झूम द्या. स्क्रीनवर सेगमेंट कमी मावतील, मावू देत.

मनगट आणि मान

लॅपटॉपवर दिवसभर काम करायचं असेल तर वेगळा कीबोर्ड लागतोच, कारण स्क्रीन डोळ्यांच्या उंचीला आणली की बटणं छातीशी येतात. चारपाच जाड पुस्तकांवर लॅपटॉप ठेवा, बाहेरचा कीबोर्ड आणि माउस लावा, याला फार खर्च नाही.

आणि रोमनमध्ये टाइप करून मराठी उमटवणाऱ्यांनो, तुमच्या बोटांना दुप्पट काम पडतंय. एकेका मराठी शब्दाला आठ-दहा कळा, मग पर्यायांच्या यादीतून निवड, मग दुरुस्ती. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांच्या कीबोर्ड लेआउटमध्ये, त्याच शब्दाला कमी कळा लागतात, डीवर हलन्त, जेवर र आणि शिफ्ट-जेवर ऱ, म्हणजे सुऱ्यामधला. पहिला आठवडा रडकुंडीला आणतो, त्यामुळे डेडलाइन डोक्यावर असताना शिकायला घेऊ नका. सरकारी टायपिंगची मराठी ३० किंवा ४० ची (मिनिटाला तेवढ्या शब्दांची) परीक्षा देऊन जे रेमिंग्टन या टाइपरायटरच्या जुन्या लेआउटवर तयार झालेत त्यांनी मात्र उगाच बदलू नये, युनिकोडवाला रेमिंग्टन लेआउट मिळतो तो वापरा.

सलग लेखासारखा मजकूर असेल तर गूगल डॉक्समध्ये व्हॉइस टायपिंगला मराठी निवडून बोलून बघा, मनगटाला आराम मिळतो. आकडे आणि विरामचिन्हं नंतर हाताने नीट करावीच लागतात, आणि टॅगांनी, म्हणजे फॉर्मॅटिंगच्या खुणांनी, भरलेल्या फाइलला याचा काही उपयोग नाही. हाताला मुंग्या येत असतील किंवा रात्री मनगट ठणकत असेल तर मात्र लेआउट वगैरे सोडा, आधी डॉक्टर.

थकल्यावर मशीनचं काम घेणं

नवीन लिहायचं सकाळी आणि मशीनने केलेलं भाषांतर तपासायचं रात्री, कारण ते सोपं, असा एक समज आहे. उलटं आहे. मशीनचं मराठी हल्ली इतकं गुळगुळीत असतं की थकलेला डोळा त्यावरून घसरत जातो, कंट्रोल-एंटर, कंट्रोल-एंटर दाबत सेगमेंट पास होत जातात, आणि मधेच एक नकार गायब झालेला दिसतच नाही. रात्री बसायचंच असेल तर इनव्हॉइस करा, टीएमची (जुन्या भाषांतरांच्या साठ्याची) साफसफाई करा, फाइलींना नावं द्या. तपासणीला सकाळचा पहिला तास ठेवा.

राहता राहिली वीज. पावसाळ्यात लाइट गेली की लॅपटॉप चालतो पण राऊटर बंद पडतो, आणि ऑनलाइन टूलमध्ये शेवटचे सेगमेंट सेव्ह झाले की नाही या घोरात आपण तासभर स्क्रीनकडे बघत बसतो. राऊटरपुरता छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. जिथे क्लायंटची परवानगी असेल तिथे फाइल डाउनलोड करून ओमेगाटीसारख्या ऑफलाइन टूलमध्ये करा, ते फुकट आहे आणि त्याला नेट लागत नाही.