हातोड्याच्या ठोक्यावरून खडकाची खोली

चोवीस जिओफोन (जमिनीची कंपनं टिपणारी उपकरणं) दोन-दोन मीटरवर एका रेषेत घट्ट रोवा, लोखंडी पाटीवर घण मारा. प्रत्येक नोंदीत लहर पहिल्यांदा उठते तो क्षण टिपा. इथे घाई नको. मी अजूनही संगणकाने निवडलेला क्षण बाजूला ठेवून डोळ्यांनीच टिपतो. एकदा घणावरचा ट्रिगर (ठोक्याचा क्षण कळवणारी कळ) सैल होता, सगळ्या वेळा सरकल्या आणि अख्खा दिवस वाया गेला.

आता अंतर आडवं, वेळ उभी असा आलेख काढा. बिंदू दोन सरळ रेषांवर बसतात: जवळचे मातीतून थेट आलेल्या लहरीचे, दूरचे खडकावरून आलेल्या लहरीचे. पहिलीवर 10 मीटरला 20 मिलिसेकंद, म्हणजे वेग 500 मीटर प्रतिसेकंद: सुटी माती. दुसरीवर दर 25 मीटरला वेळ फक्त 10 मिलिसेकंदांनी वाढते, म्हणजे 2500: खडक. दुसरी रेषा मागे वाढवली की वेळेच्या अक्षाला 20 मिलिसेकंदांवर छेदते. त्याचं निम्मं घ्या, दोन्ही वेगांच्या गुणाकाराने गुणा, वेगांच्या वर्गांच्या फरकाच्या वर्गमुळाने भागा. खोली साधारण 5.1 मीटर.

वेग 1500च्या आसपास आला तर खडक म्हणून नाचू नका, बहुधा पाण्याने भरलेली माती असते. उलट टोकाकडूनही ठोके घ्या, थराचा उतार कळतो. कठीण थराखालचा मऊ थर मात्र या पद्धतीत दिसतच नाही. तिथे बोअरच घ्यावा लागतो.