टॅबलेटला वाय-फाय लागत नाही? सेटिंगला हात लावण्याआधी करायची तयारी

टॅबलेट बाजूला ठेवा आणि आधी राउटरसमोर जाऊन उभे राहा. एलओएस लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल, तर फायबरमधून सिग्नलच येत नाही. मग टॅबलेटमध्ये शोधण्यासारखं काही नाही, नेटवाल्याला फोन करायचा. २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांसाठी नाशिकमध्ये जागोजाग खोदकाम चाललंय, तेव्हा वायर तुटण्याची शंका आधी घ्यावी. दिवे ठीक असतील तर घरातल्या दुसऱ्या फोनचा मोबाइल डेटा बंद करून त्याच वाय-फायवर काहीतरी उघडून बघा. तिथे चाललं तरच दोष टॅबलेटचा.

जमवायच्या वस्तू थोड्याच. राउटरच्या मागच्या किंवा खालच्या स्टिकरचा फोटो, वाय-फायचा पासवर्ड कागदावर, टॅबलेटचा चार्जर, आणि नेट जोडताना कंपनीने दिलेलं युजरनेम-पासवर्ड. हे शेवटचं सापडत नसेल तर राउटरच्या बारीक भोकात टाचणी घालू नका, आत रिसेटचं बटण असतं. बंद करून चालू करणं वेगळं आणि रिसेट वेगळं. रिसेटने कंपनीने भरलेली माहितीही पुसली जाऊ शकते, आणि मग माणूस घरी येईपर्यंत सगळं घर बिननेटचं.

जागा बघून घ्या. बहुतेक राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर सिग्नल देतात. पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशिकमधल्या वाड्याच्या जाड भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल फारसा पोचत नाही, तिथे २.४ वर जोडलेलं बरं, वेग कमी मिळाला तरी. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये उलटी अडचण. वरच्या, खालच्या, शेजारच्या सगळ्यांचे राउटर २.४ वर गर्दी करतात. तिथे ५ निवडा, नाहीतर राउटरमध्ये २.४ चं चॅनल, म्हणजे पट्ट्यातला एक भाग, १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा असेल तो लावा. स्वस्तातल्या काही टॅबलेटना ५ गिगाहर्ट्‌झ दिसतच नाही, हे खोक्यावर वाचून घ्या. राउटर लोखंडी कपाटामागे असेल तर आधी तो बाहेर काढा, बाकी सगळं नंतर.

आता टॅबलेट. तारीख आणि वेळ बरोबर आहे का? बरेच दिवस चार्ज न केलेल्या टॅबलेटची तारीख कधीकधी मागे जाते आणि वाय-फाय जोडलेलं असूनही वेबसाइट उघडत नाहीत. ते ठीक असेल तर नेटवर्क ‘फर्गेट’ करून, म्हणजे जोडणीची साठवलेली माहिती पुसून, पासवर्ड नव्याने घाला.

त्यानेही भागलं नाही तर खासगीपणाच्या सेटिंगकडे वळा, कारण घोळ पुष्कळदा तिथेच असतो. अँड्रॉइड १० पासून टॅबलेट आपला खरा मॅक पत्ता (नेटवर्कवर यंत्राची ओळख पटवणारा क्रमांक) लपवून बनावट पत्ता दाखवतो. आयपॅडवर हीच सोय २०२० पासून आहे. सोय चांगली आहे, बाहेरच्या कॅफेत तर हवीच. पण घरच्या राउटरवर कोणी ‘एवढेच मॅक चालतील’ अशी यादी करून ठेवली असेल, तर हा पत्ता दारातच अडतो. घरच्या नेटवर्कपुरता खरा पत्ता लावा किंवा नवा पत्ता यादीत घाला. नव्या आयपॅडवर बंद, स्थिर आणि फिरता असे तीन पर्याय दिसतात. घरी स्थिर पुरे. ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेची सेटिंग) कोणी काही टाइप केलं असेल तर ते ‘ऑटोमॅटिक’वर आणा. फुकटचं व्हीपीएन, म्हणजे आपलं सगळं नेट दुसऱ्याच्या सर्व्हरमधून फिरवणारं ॲप, असेल तर काढूनच टाका. जो सगळा व्यवहार आपल्या हातून जाऊ देतो, तो फुकट का करतो हा प्रश्न रास्त आहे.

जोडणी झाली की परवानग्यांची पाळी. अँड्रॉइड १२ आणि पुढे ‘प्रायव्हसी डॅशबोर्ड’वर गेल्या दिवसभरात कॅमेरा, माइक आणि लोकेशन कोणत्या ॲपने वापरलं ते दिसतं. मुलांच्या अभ्यासाच्या ॲपला लोकेशन कशाला लागतं? काढून घ्या. नकाशाला द्या, पण ‘ॲप वापरताना’ एवढंच. जाहिरातीचा आयडी, म्हणजे जाहिरातींसाठी आपला माग ठेवणारा क्रमांक, डिलीट करा. आजी-आजोबांच्या टॅबलेटवर आणखी एक बघा: स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं एखादं ॲप कोणी फोनवर बोलता बोलता टाकायला लावलंय का? असेल तर आधी नेट तोडा आणि ॲप काढा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लावा.

राउटरचा पासवर्ड बदलायचा असेल तर वेळ निवडून बदला. टीव्ही, प्रिंटर, दारावरचा कॅमेरा, सगळं एकदम तुटतं आणि प्रत्येकात नवा पासवर्ड घालावा लागतो. क्रिकेटची मॅच किंवा कोणाची ऑनलाइन परीक्षा त्या दिवशी नको.