हवेतच बंद पडणारं सेस्नाचं इंजिन: माझा अनुभव

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात नेट रडतखडत चालतं, म्हणून मी फ्लाइटगिअर हा कॉम्प्युटरवर विमान उडवायचा सिम्युलेटर वापरतो. फुकट आहे आन् ऑफलाइन चालतं. नागपूरहून अकोल्याकडं निघालं की सेस्ना १७२ या छोट्या विमानाचं इंजिन मधेच गप्प. इंधन भरपूर, ठिणगी देणारे मॅग्नेटो ठीक, कार्ब हीट (कार्ब्युरेटरमधला बर्फ वितळवणारी गरम हवा) ओढूनही फरक नाही. मग इंधन-हवेचं प्रमाण ठरवणाऱ्या लाल मिक्श्चर नॉबवरच नजर ठेवली. हात न लावता तो थरथरत बाहेर सरकत होता! पूर्ण बाहेर म्हणजे इंधन बंद. आत ढकलला की, पंखा फिरतच असल्यानं, इंजिन पुन्हा धरायचं. मिक्श्चर जॉयस्टिकच्या स्लायडरला जोडलेलं, आणि शेजारच्या जिनिंगची रुईची धूळ त्याच्या पोटेन्शिओमीटरमधे, म्हणजे स्लायडरची जागा मोजणाऱ्या भागात. सेटिंगमधून ती जोडणी काढली, मिक्श्चर कीबोर्डवर दिलं. स्लायडर कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ केलाय, पण आता त्याच्याकडं फक्त विमानाच्या पंखांचे फ्लॅप. तेवढाच भरवसा, भाऊ.