सरकारी रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवर चढवताय? या चुका टाळा

ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे स्वयंसेवकांनी मिळून बनवलेला, कुणालाही वापरता येणारा जगाचा नकाशा. त्यात भर घालणाऱ्याला सरकारी खात्याची रस्त्यांची फाइल हाती लागली की हात शिवशिवतात. हजारो रस्ते, तेही नावांसकट! पण ती फाइल कुणी, कशासाठी बनवली होती हे न विचारता ओतली, तर निस्तरायला वर्षं जातात.

अमेरिकेत हेच झालं. तिथल्या जनगणना खात्याचा 'टायगर' हा साठा २००७-०८ मध्ये सरसकट नकाशात आला. तो मुळात गणनेसाठी केलेला. रेषा थोडी सरकलेली असली तरी त्या कामात फारसं बिघडत नव्हतं. नकाशात मात्र जंगलातल्या कच्च्या वाटा आणि एखाद्याच्या दारापर्यंत जाणारे खासगी रस्तेही 'रेसिडेन्शियल' (वस्तीतले रस्ते) म्हणून उमटले. 'टायगर:रिव्ह्यूड=नो' (अजून तपासलेलं नाही) असा टॅग, म्हणजे माहितीची चिठ्ठी, लावून तपासणी पुढच्यांवर सोडली होती. ते टॅग आजही भेटतात.

परवान्याची चूक सगळ्यात महाग पडते, कारण ती उघडकीला आली की सगळंच काढून टाकावं लागतं. डाउनलोड मोफत आहे म्हणजे वापराची मुभा आहे, असं नाही. ओपनस्ट्रीटमॅपचा परवाना २०१२ पासून ओडीबीएल (खुल्या डेटाबेससाठीचा परवाना) आहे. सरकारी डेटा 'सीसी बाय ४.०' या, श्रेय देऊन वापरायची मुभा देणाऱ्या परवान्याखाली असला तरी तेवढ्यावर भागत नाही. श्रेय कसं द्यायचं आणि डीआरएमचं (वापर रोखणाऱ्या डिजिटल कुलपांचं) काय, या दोन मुद्द्यांवर खात्याकडून लेखी संमती लागते. ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनचं नमुना पत्र आहे, ते पाठवा आणि आलेलं उत्तर ओपनस्ट्रीटमॅपच्या विकीवर नोंदवा. 'व्यावसायिक वापर नको' अशी अट दिसली तर तो डेटा घेऊच नका.

सगळे रस्ते एकाच दिशेला सारखेच सरकलेले दिसतात? मग बहुधा डेटमचा, म्हणजे अक्षांश-रेखांश कशाला धरून मोजले त्या संदर्भाचा, घोळ आहे. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइलची मूळ प्रणाली नीट ओळखून ती ओपनस्ट्रीटमॅप वापरतो त्या डब्ल्यूजीएस ८४ प्रणालीत आणा. माउसने ओढून बसवायचा मोह आवरा, कारण सरक सगळीकडे सारखी नसते. ऑस्ट्रेलियाच्या जुन्या आणि नव्या डेटममध्ये सुमारे १.८ मीटरचा फरक आहे, कारण तो खंडच वर्षाला जवळपास ७ सेंटिमीटर सरकतो! आणि फाइलला दोष देण्याआधी जीपीएस ट्रेस (प्रत्यक्ष फिरून नोंदलेल्या वाटा) बघा. कधी कधी सरकलेलं असतं ते उपग्रहचित्रच.

मार्ग शोधताना गाडी भलतीकडे वळते? रेषा दिसायला जुळतात, पण त्यांचा नोड (जोडबिंदू) एक नसतो. किंवा उलट, उड्डाणपूल खालच्या रस्त्याला चिकटवलेला असतो. न जुळलेली टोकं जोसम या संपादन सॉफ्टवेअरचा व्हॅलिडेटर (चुका शोधणारी सोय) दाखवतो. त्याच्या नजरेतून बऱ्याचदा सुटतं ते एकेरी रस्त्याचं उलटं तोंड: फाइलमध्ये वाहतुकीची दिशा वेगळ्या रकान्यात असते आणि रेषा कुणीतरी आपल्या सोयीने उलटी ओढलेली असते. तो रकाना वाचल्याशिवाय 'वनवे' टॅग लावू नका.

रस्त्याचा दर्जाही फाइलमधून जसाच्या तसा उचलू नये. सरकारी वर्ग बहुतेकदा रस्ता कोण सांभाळतं ते सांगतो, ओपनस्ट्रीटमॅपला त्याचं वाहतुकीतलं महत्त्व हवं असतं. फाइलमध्ये प्रस्तावित रस्तेही मिसळलेले असतात. जमिनीवर नाही तो रस्ता गाळा.

कुणी आधी काढलेला रस्ता पुसून त्यावर सरकारी रेषा बसवणं तर करूच नका. त्याचा इतिहास जातो, त्यावरून जाणारे बसमार्गांचे रिलेशन (अनेक रस्ते एका मार्गात गुंफणाऱ्या नोंदी) तुटतात, आणि पुष्कळदा पुसलेली रेषाच जास्त अचूक होती असं निघतं. आयात करायचीच तर आधी स्थानिक मॅपर्सशी बोला, वेगळं खातं उघडा आणि थोडे थोडे रस्ते चढवा.

मला ब्रिटनची पद्धत जास्त पटते. तिथल्या ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेने १ एप्रिल २०१० रोजी बराच डेटा खुला केला. स्वयंसेवकांनी त्यातली रस्त्यांच्या नावांची यादी नकाशाशी ताडून पाहिली. जिथे फरक, तिथे जाऊन पाटी वाचायची. पाटी वेगळी निघाली तर सरकारी नाव 'नॉट:नेम' (हे नाव नव्हे) टॅगमध्ये टाकायचं, म्हणजे पुढचा कुणी तेच चुकीचं नाव पुन्हा 'दुरुस्त' करून ठेवत नाही.