नाशिकमध्ये शाळा, सभागृह, व्यापारी संकुल बांधताय? या चुका टाळा

2027 च्या सिंहस्थाच्या तोंडावर नाशिकमध्ये बांधकामांची लगबग सुरू आहे. शाळांच्या नव्या शाखा, सभागृहं, दुकानं आणि ऑफिसांची संकुलं, सगळीकडे काम चालू. मी याच शहरात आर्किटेक्ट म्हणून काम करतो. पहिल्या बैठकीला बहुतेक जण मोबाइलवर कुठल्या तरी परक्या शहरातल्या टॉवरचा फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, "असं एलिव्हेशन पाहिजे." एलिव्हेशन म्हणजे इमारतीचं दर्शनी रूप. पुढची निम्मीअधिक दुखणी इथूनच सुरू होतात. एलिव्हेशन आधी ठरतं आणि ऊन, पाऊस, माती, माणसं यांची सोय मागाहून त्यात कोंबली जाते. स्वतःच्या घरात असं झालं तर मालक दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत काहीतरी दुरुस्ती करतोच. सार्वजनिक इमारतीचं तसं नसतं. तिथे ठरवणारे वेगळे आणि चाळीस वर्षं उकाड्यात बसणारे वेगळे, म्हणून मला या चुका जास्त टोचतात.

पश्चिमेला काच लावणं

रस्ता पश्चिमेला असला की दर्शनी भिंत पश्चिमेला येते, आणि दर्शनी भिंत म्हटलं की हल्ली काचच. शहरातल्या एका शाळेत वरच्या मजल्यावरचे वर्ग असे आहेत. दुपारी तीननंतर खिडकीकडचे बाक रिकामे होतात, मुलं दाटीवाटीनं भिंतीकडे सरकतात. काचेवर आतून कार्डशीट चिकटवलेली, पडदे ओढलेले आणि भर दुपारी सगळ्या ट्यूबलाइट चालू. उजेडासाठी म्हणून घेतलेली काच, आणि वर्गात अंधार.

गणित अवघड नाही. नाशिक साधारण 20 अक्षांशावर आहे. मार्चअखेर दुपारी सूर्य 70 अंशांच्या वर असतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीवरचा दोन फुटी छज्जा खाली पाच फुटांहून जास्त सावली टाकतो. डिसेंबरात सूर्य 46-47 अंशांवर उतरतो, सावली दोन फुटांवर येते आणि खालच्या अर्ध्या खिडकीतून कोवळं ऊन आत येतं. नाशिकच्या थंडीत ते हवंच असतं. म्हणजे दक्षिणेला साधा छज्जा दोन्ही ऋतू सांभाळतो. पश्चिमेला मात्र मे महिन्यात संध्याकाळी पाचला सूर्य 30 अंशांच्याही खाली असतो आणि जवळजवळ समोरून येतो. त्याच दोन फुटी छज्ज्याची सावली तिथे जेमतेम फूटभर. छज्जा लांबवून काही साधत नाही. तिथे उभ्या फिन्स, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेल्या उभ्या पट्ट्या, जाळी, खोल व्हरांडा यांपैकी काहीतरी लागतंच.

नकाशाच्या टप्प्यावर असाल तर पश्चिमेला जिने, स्वच्छतागृहं, स्टोअर, लिफ्ट टाका आणि वर्ग उत्तर-दक्षिण ठेवा. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेनं, म्हणजे 2017 च्या ईसीबीसीनं, बाहेरच्या भिंतींच्या 40 टक्क्यांपर्यंतच खिडक्या धरल्या आहेत. साध्या शाळेला तेवढ्याचीही गरज नसते.

इमारत झालीच असेल, तर पडद्यांवर पैसे घालू नका. ऊन काचेतून आत आलं की उष्णताही आत आली, पडदा फक्त डोळ्यांवरची तिरीप अडवतो. सावली काचेच्या बाहेर हवी. काचेपासून दीड-दोन फूट अंतर सोडून बाहेर उभ्या लूव्हर्सची, म्हणजे तिरक्या पट्ट्यांची, किंवा टेराकोटा जाळीची चौकट उभारा, म्हणजे मधली गरम हवा वर निघून जाते. आडव्या पट्ट्या टाळा, वर्षभरात कबुतरं ताबा घेतात. आणि मधल्या जागेत साफसफाईसाठी माणूस शिरेल एवढी वाट ठेवा.

चौकावर झाकण

वाड्याचा चौक नव्या इमारतीत आणावा, ही इच्छा चांगली आहे. जुन्या नाशकातले वाडे चौकामुळेच श्वास घेत: गरम हवा वर, उजेड खाली. पण आता चौक घेतात आणि पाऊस नको म्हणून वरून पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक पत्र्यानं हवाबंद करून टाकतात. तळमजल्यावर ते छान दिसतं, वरच्या दोन मजल्यांवर भट्टी होते. छत पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, वर तीन-चार फूट उचला आणि चारही बाजूंना लूव्हर्स ठेवा. झालेल्या इमारतीतही हे काम थोड्या दिवसांत होतं. लाकडी खांबांसारखे दिसणारे फायबरचे खांब आणि खोट्या कमानी लावून वाडा होत नाही, तो खर्च या लूव्हर्सवर करा.

गच्चीचं पाणी शेवटी ठरवणं

1000 चौरस मीटरच्या गच्चीवर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर 50,000 लिटर पाणी होतं. म्हणजे पाच मोठे टँकर एका तासात. असं असूनही पाईप कुठून उतरवायचे, हे बऱ्याचदा स्लॅब पडल्यावर ठरतं. एलिव्हेशन बिघडू नये म्हणून पाईप मागच्या एकाच कोपऱ्यात ढकलतात. पाणी मग गच्चीभर फिरून तिथे पोचतं, वाटेत जिथे जिथे खोलगट तिथे थांबतं, आणि तिसऱ्या पावसाळ्यात खालच्या वर्गाच्या छताचे पोपडे पडायला लागतात.

ढाळ 100 ला 1 तरी हवा, म्हणजे दहा फुटांना सव्वा इंच. लांब गच्ची भागांत वाटून प्रत्येक भागाला किमान दोन पाईप द्या, कारण एकाचं तोंड पाल्यानं तुंबणारच. पाईपच्या तोंडाशी जागा थोडी खोलगट आणि वर घुमटी जाळी. सपाट जाळीवर एक प्लॅस्टिकची पिशवी बसली की काम तमाम. पॅरापेटच्या बुडाशी गोलसर वाटा (कोपरा भरून घेतलेला सिमेंटचा उतार) आणि वॉटरप्रूफिंग भिंतीवर फूटभर चढवलेलं. कोबा झाला की पाण्यानं भरून किमान 48 तास ठेवा आणि खाली जाऊन प्रत्येक खोलीचं छत टॉर्च मारून बघा. ही चाचणी झाल्याशिवाय बिल पास करू नका.

ओल दिसायला लागली असेल, तर लगेच वरून केमिकलचा थर मारायला धावू नका. आधी मूळ शोधा. पाऊस थांबल्यावरही ओल वाढत असेल तर प्लंबिंग तपासा. फक्त भिंत-छताच्या कोपऱ्यात असेल तर वाटा सुटलाय. खिडकीच्या वर असेल तर छज्ज्याच्या खालची, पाणी कडेलाच गळून पडावं म्हणून ठेवायची पट्टी राहून गेली आहे, पाणी छज्ज्याच्या पोटावरून उलटं भिंतीकडे येतंय. आपल्याकडे पावसाचा मारा मुख्यतः पश्चिम-नैर्ऋत्येकडून असतो, त्यामुळे या बाजूच्या गिलाव्यातल्या केसासारख्या भेगाही भरून घ्याव्या लागतात. एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडाला पावसाचं पाणी जिरवण्याची सोय सक्तीची आहे. पण पाईप थेट बोअरमध्ये सोडू नका, मध्ये गाळणीचा खड्डा हवा. गाळ बोअरमध्ये गेला की दोन वर्षांत बोअर बसतो.

माती न तपासता पायाचा आकडा लावणं

"नाशकात काय, खाली दगडच आहे." हे वाक्य अर्धवट खरं आहे. खाली बेसॉल्ट आहे, पण किती खाली, हे प्लॉटगणिक बदलतं. मखमलाबाद, आडगाव, म्हसरूळकडची काल-परवापर्यंतची शेतं आता शाळांचे आणि संकुलांचे प्लॉट झाली आहेत. तिथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. मुख्य इमारत मुरमापर्यंत किंवा दगडापर्यंत नेली जाते, ती ठीक राहते. फसतं ते बाकीचं: कंपाउंड वॉल कलते, पोर्चची फरशी उचलली जाते, व्हरांडा इमारतीपासून सुटतो. या सगळ्यांखालची काळी माती काढून मुरूम भरा, थरा-थरानं पाणी मारून दाबा. इमारतीभोवती चार-पाच फुटांचा पक्का पट्टा बाहेरच्या बाजूला उताराचा ठेवा आणि लॉनचे स्प्रिंकलर पायाला चिकटून लावू नका. मातीची तपासणी पूर्ण प्रकल्पाच्या मानानं किरकोळ खर्चाची आहे. ती एकाच कोपऱ्यात करून भागवू नका.

भिंतीला तडा गेलाच असेल, तर त्यावर काचेची छोटी पट्टी चिकटवून तारीख लिहा. पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही जाऊ द्या. पट्टी तुटली तर हालचाल चालू आहे, मग पुट्टी-रंग नको, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.

पूररेषा फक्त परवानगीपुरती बघणं

गोदावरीनं 2008, 2016 आणि 2019 मध्ये काय केलं, ते गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या आसपासच्या दुकानदारांना विचारा. निळी पूररेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. नकाशात आपला प्लॉट रेषेबाहेर आहे म्हणून सुटलो, असं होत नाही. नासर्डी, वाघाडी, सरस्वती नाला या गोदावरीला मिळणाऱ्या प्रवाहांच्या काठावर पुरात पाणी नदीत जाण्याऐवजी मागे सरतं. तरीही मुख्य विजेचं पॅनल, जनरेटर आणि पंप तळघरात टाकले जातात, कारण ती "वाया" जागा असते. पार्किंग बुडालं तर गाड्यांचं नुकसान होतं. पॅनल बुडालं तर लिफ्ट, पंप, दिवे, आगीची यंत्रणा सगळं एकदम बंद. पॅनल तळमजल्यावर, जोत्याच्या वर ठेवा. तळघराच्या उतरणीच्या तोंडाशी रस्त्यापेक्षा उंच उंबरठा घ्या आणि मगच खाली उतरा.

सभागृहात घुमणारा आवाज

विट्रिफाइड टाइल्स, काच, जिप्समचं सपाट छत: फोटोत सुरेख, पण भाषण कळत नाही. मग मोठे स्पीकर आणतात आणि गोंगाट वाढतो. रिकाम्या हॉलमध्ये मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. भाषणाच्या हॉलमध्ये नाद साधारण सेकंदाभरात विरायला हवा. विरत नसेल तर आधी मागची भिंत धरा, कारण आवाज तिथूनच परततो: भोकं पाडलेले लाकडी पॅनल, मागे ग्लासवूल. नुसतं कार्पेट टाकलं तर फक्त वरच्या पट्टीतले आवाज शोषले जातात, खर्जाची घुमघुम तशीच राहते.

पाट्या आणि एसी

कॉलेज रोडवरचं कुठलंही दहा वर्षांचं संकुल बघा. दुकानांच्या पाट्यांनी एलिव्हेशन झाकलेलं, एसीचे बाहेरचे युनिट वाटेल तिथे लटकलेले. दोष दुकानदारांचा नाही, त्यांना जागाच दिलेली नसते. प्रत्येक गाळ्याला पाटीची ठरलेली पट्टी, एसीला निचऱ्याच्या पाईपसह आड जागा, हे नकाशातच दाखवा. आणि दर्शनी पायऱ्यांना गुळगुळीत ग्रॅनाइट नको. जुलैत तिथे रोज कोणीतरी घसरतं. खरखरीत फ्लेम फिनिश किंवा आपला काळा दगड घ्या. दगड भिंतीवर लावायचा असेल तर वरच्या मजल्यांवर नुसत्या सिमेंटनं चिकटवू नका, स्टेनलेस स्टीलच्या क्लॅम्पनं बसवा.

रॅम्प, जिने, दारं

रॅम्पचा उतार 12 ला 1 हवा. जोतं 90 सेंटीमीटर असेल तर जवळपास 11 मीटर लांबी लागते, शिवाय मधला सपाट टप्पा. ही जागा नकाशात पहिल्या दिवशी धरली नाही की शेवटी घसरगुंडी तयार होते, जिच्यावरून व्हीलचेअर ढकलणारा माणूसही घसरतो. दिव्यांग हक्क कायदा 2016 पासून आहे, सबब चालत नाही.

शाळेच्या जिन्याची रुंदी राष्ट्रीय इमारत संहितेत किमान दीड मीटर आहे. बांधताना ती मिळते, मग जिन्याखाली जुने बाक, कागदांचे गठ्ठे, मीटर येतात. दुसरा जिना चोरीच्या भीतीनं कुलूपबंद. 2003 च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत 39 भाविक गेले, ते याच शहरात. गर्दीच्या इमारतीत दार बाहेर उघडणारं आणि आतून ढकललं की उघडणारं पॅनिक बार लावलेलंच हवं. अग्निसुरक्षेचं बी प्रमाणपत्र, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून घ्यायचं असतं. त्यांच्या माणसाबरोबर स्वतः फिरा, प्रत्येक दार उघडून बघा.

मुहूर्ताची घाई

उद्घाटनाची तारीख आधी ठरते आणि क्युरिंगचे, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवण्याचे, दिवस कापले जातात. आपल्याकडे बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट वापरतात, त्याला आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान 10 दिवस ओलावा हवा, आणि मे महिन्याच्या झळांत तर त्यात कसूर चालतच नाही. स्लॅबवर गोणपाट टाकून सकाळ-संध्याकाळ पाणी मारताना माणूस दिसतो का, हे बांधकाम समितीतल्या एकानं रोज जाऊन बघावं. ताबा घेताना चाव्यांबरोबर प्रत्यक्ष बांधलेल्या कामाचे नकाशे, पाईप-वायरिंगचे मार्ग, वॉटरप्रूफिंगची लेखी हमी आणि पाणी भरून केलेल्या चाचणीचे फोटो मागून घ्या. शेवटचं बिल ही कागदपत्रं हातात आल्यावरच काढा, नंतर ठेकेदार फोन उचलत नाही.